एक्केचाळीस नंबरची तहान

"देवाचा वाटा? अहो मॅडम, देवाला नैवेद्याची वाटी पुरते. हे बॅरल आठवड्याला दोन लिटर रिचवू राहिलं."

"रिचवत नाही, मावशी. लाकडातून वाइन हळूहळू उडून जाते. तिलाच देवाचा वाटा म्हणतात. पण तो आठवड्याला पाव लिटर, फार तर अर्धा. दोन लिटर नाही."

"मंग मी तरी काय सांगू राहिले?"

"गळत नाही, बुडाला ओल नाही, कुठं तडा नाही. मग जातं कुठं?"

"आता ते मी काय सांगू?"

कुसाबाईनं लांब चोचीची झारी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले. जातं कुठं हे तिला पक्कं ठाऊक होतं. चौदा वर्षं ठाऊक होतं. पण समोर उभी यशश्री मॅडम. नाशकात वाढलेली, परदेशात जाऊन वाइन शिकून आलेली, दोन महिन्यांपूर्वीच इथं रुजू झालेली पोर. तिला काय सांगायचं? माझा मेलेला नवरा पितो म्हणून? दुसऱ्या दिवशी गेटवरनंच माघारी.

वणीच्या रस्त्याला द्राक्षांचे मळे सुरू झाले की एक फाटा डोंगराकडं वळतो. त्या डोंगराच्या पोटात अर्धं गाडलेलं हे सेलर, वाइन मुरवायचं तळघर. चैत्रात बाहेर ढेकळं तडकतात, पण आत पाऊल टाकलं की दंडावर काटा येतो. तीनशे बॅरल आडवी निजलेली, ओळीनं, दवाखान्यातल्या खाटांसारखी. कुसाबाई इथं आली ती द्राक्षं खुडायला. मग बाटल्या धुवायला लागली, मग फरशी, आणि मग जुन्या दिवाकर साहेबांनी तिला सेलरात घेतलं. काम एकच. दर सोमवारी बॅरलाचं बूच काढायचं, बॅटरी मारून आत बघायचं, वाइन जेवढी उतरली असंल तेवढी झारीनं भर घालायची. रिकामी जागा राहिली की हवा शिरते आणि वाइनीचं व्हिनेगर होतं.

बॅटरी तिला नुसती दाखवायला लागायची. बोटाच्या पेरानं लाकडावर टकटक केलं की किती उतरलं ते तिला कानानं कळायचं. आणि आतला माल काय म्हणतो ते नाकानं. नवी शिराझ, काळ्या द्राक्षांची ती वाइन, कच्च्या जांभळासारखी नाकाला टोचते. दोन-तीन वर्षं लाकडात झोपली की तिला वेगळाच वास धरतो. भिजलेल्या चामड्याचा, विझलेल्या चुलीचा, म्हाताऱ्याच्या चंचीतल्या तंबाखूचा. दिवाकर साहेब तिला विचारायचे, "कुसाबाई, सत्तावीस नंबर काय म्हणतंय?"

"भांडू राहिलं अजून. सहा महिने पडू द्या."

साहेब पडू द्यायचे. तिच्या नाकावर कंपनीनं बाटल्यांमागून बाटल्या भरल्या. पण त्या नाकाखालच्या जिभेला एक थेंब कधी लागला नव्हता. नवऱ्याला, खंडेरावाला, विहिरीतनं काढला त्याच महिन्यात ती वणीच्या गडावर गेली होती आणि देवीपुढं शपथ घेऊन आली होती. गावातल्या बाया म्हणायच्या, कुसाबाई दारूच्या कारखान्यात जाते. ती म्हणायची, "जाते. तुमचे नवरे आणतात ती पन्नीतली दारू. हे निराळं हाय. ह्याला मी हुंगते, पीत नाय." आणि कमरेची सेलरची किल्ली मुद्दाम वाजवायची.

खंडेराव मात्र प्यायचा. बैल प्याला, गाडी प्याला, सासऱ्यानं दिलेली भांडी प्याला. डावखुरा होता. डाव्या हातानं पेला उचलायचा, तीन घोट घ्यायचा, थांबायचा, सुस्कारा टाकायचा, आणि तळाचा शेवटचा घोट अंगणात फेकायचा. बायकोला मारायचा तेही डाव्याच हातानं. सोळा वर्षांपूर्वी असाच चैत्र होता. भर बाराला तो विहिरीवर पाणी बघायला वाकला आणि डोक्यावर आत पडला. बाहेर काढला तेव्हा पोटात पाणी आणि तोंडाला वास, दोन्ही होतं.

तीन आठवड्यांनी आखिती, म्हणजे अक्षय तृतीया आली. घरात नवा पित्तर झाला की आखितीला त्याच्या नावानं नवी घागर भरतात. उन्हाळ्यात मेलेल्या जिवाला पाणी लागतं, म्हणून. सासूनं घागर आणली, वर खरबूज ठेवलं, आंब्याची डहाळी ठेवली आणि सुनेला म्हणाली, भर.

कुसाबाईनं घागर पालथी घातली.

"जन्मभर प्याला. आता ऱ्हाऊ दे कोरडा."

चार माणसांदेखत म्हणाली. म्हातारीनं कानावर हात ठेवले. जेवायला बसलेले लोक भराभरा उठले.

त्यानंतर अमोलचं सुरू झालं. सोळा वर्षांचं पोरगं, चांगलं दहावीत. भर दुपारी पानावरून उठायचं आणि विहिरीकडं चालू लागायचं. डोळे उघडे, पण त्यात ओळख नाही. दोनदा तिनं त्याला कठड्यावरून ओढून आणला. भगत झाले, डॉक्टर झाले. शेवटी तिनं विहिरीसकट ती दोन एकर खडकाळ जमीन वाइनच्या कंपनीला देऊन टाकली. जेसीबीनं विहीर बुजवली, वर सिमेंट ओतलं आणि सेलर उभं राहिलं. पोरगं तरीही त्या बाजूला तोंड करून बसायचं.

सेलरात कामाला लागली त्या पहिल्या सोमवारी ती ओळीच्या टोकाला, मागल्या भिंतीपाशी गेली. एक्केचाळीस नंबर. बुजवलेल्या विहिरीचं तोंड बरोबर तिथं होतं, तिनं पावलं मोजली होती. तिनं बॅरलाला कान लावला. बाकीची बॅरलं भरल्या पोटानं गप पडली होती. ह्याच्यातून आवाज आला. तीन घोट. थांबणं. सुस्कारा.

दुसरी कोणी असती तर पळाली असती. कुसाबाईनं झारी सोडली नाही. बूच काढलं, चोच आत घातली आणि ओतत गेली. ओतता ओतता तोंडातून शब्द गेला, "घे."

त्या दुपारी अमोल पान सोडून उठला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. नंतर कधीच नाही. राहिलेली दहावी झाली, बारावी झाली, पिकअप घेतली, उज्वलासारखी बायको आली. लोक पित्तराची घागर वर्षातनं एकदा भरतात, कुसाबाई दर सोमवारी भरत आली. माया म्हणून नाही. गोठ्यातल्या मारक्या बैलाला वैरण टाकावी तशी. तिथं त्याला मिळतं तोवर तो घरी येत नाही, एवढाच तिचा हिशेब. त्या जागेवरची बॅरलं बदलली, वाइन बाटल्यांत गेली, नवी आली. जागेची तहान तीच राहिली. दिवाकर साहेबांनी एकदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. ते आता निवृत्त होऊन नातवंडं खेळवतात.

यशश्री मॅडम सोडणाऱ्यातली नव्हती. एक्केचाळीसमध्ये चार वर्षांची शिराझ होती, सेलरातली सगळ्यात जुनी, पावसाळ्यापूर्वी बाटलीत जायची होती. तिनं स्वतःच्या हातानं काठोकाठ भर घातली, बूच ठोकलं, वरून तांबडं मेण ओतलं आणि मेणावर सहीची चिठ्ठी दाबली.

"आठ दिवस कोणी हात लावायचा नाही."

"मॅडम, मेण नका लावू."

"का?"

"तहानलं म्हंजे?"

"कोण?"

"बॅरल."

यशश्री हसली. बाजूला नळी गुंडाळत असलेला सेलरातला गडी फकिराही हसला. "आक्काला सगळी बॅरलं लेकरासारखी," तो म्हणाला.

मंगळवारी दुपारी अमोल पिंपळगावला टोमॅटो टाकून आला आणि पाण्याच्या हंड्यापाशी बसला. एक तांब्या, दुसरा, तिसरा. उज्वला भाकरी थापत होती. "अहो, पोट फुटंल ना! कुठं वाळवंटात गेले होते का?"

"तहान जाऊ नाही राहिली."

बुधवारी हंडा पुरला नाही. गुरुवारी तो ओसरीत बसला तो सेलरच्या बाजूला तोंड करून. कुसाबाई मुद्दाम आडवी येऊन बसली, तर तिच्या खांद्यावरून तिकडंच बघत राहिला.

शुक्रवारी जेवताना त्यानं मान वर न करता हात पुढं केला.

"कुसे, मीठ दे."

उज्वला फस्सकन हसली. "आईला नावानं हाक? लाड चाललेत का?"

कुसाबाईच्या हातातला घास हातातच राहिला. तिला कुसे म्हणणारा एकच माणूस होता. तिनं मीठ सरकवलं. अमोलनं पेला उचलला, डाव्या हातानं. जन्मापासून उजव्या हातानं खाणारं पोरगं ते. तीन घोट घेतले. थांबला. सुस्कारा टाकला. आणि तळाचं पाणी अंगणात फेकलं.

ती उठून त्याच्याजवळ गेली आणि वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा नव्हता. भिजलेलं चामडं, विझलेली चूल, तंबाखू. चार वर्षांची शिराझ. तांबड्या मेणाखाली बंद होती ती.

ती तशीच उन्हात वणीला गेली. आखिती दहा दिवसांवर आली होती, बाजारात घागरी मांडलेल्याच होत्या. एक आणली, परसातल्या लिंबाखाली ठेवली, गळ्यापर्यंत पाण्यानं भरली. वर खरबूज, वर डहाळी. सोळा वर्षं उशीर झाला होता, पण हात जोडले.

"झालं ते झालं. हे पाणी घे आन् माह्या पोराला सोड."

कोरी मातीची घागर अशा उन्हात दिवसाला चार बोटं उतरते. बाहेरून पाझरते, खालची माती ओली होते. शनिवारी बघितलं, पाणी जिथल्या तिथं. रविवारी तेच. बुडाखालची माती कोरडी ठाक. लिंबावरच्या कावळ्यांनी खरबुजाला चोच लावली नव्हती. पाणी त्याला नकोच होतं.

रविवारी बाराच्या सुमाराला उज्वला ओरडत आली. "आत्या, हे बघा ना कसं करू राहिलेत!"

अमोल शेताच्या बांधावरून चालला होता. अनवाणी. पायाखालची ढेकळं तव्यासारखी तापलेली, आणि हा देवळाच्या फरशीवरून चालल्यासारखा सावकाश. दोघी मागं धावल्या. सेलरच्या मागल्या भिंतीपाशी तो थांबला. त्या भिंतीला आतल्या गारव्यानं बाहेरून कधी कधी घाम सुटतो. अमोलनं दोन्ही तळवे भिंतीला टेकवले, कपाळ टेकवलं आणि जीभ काढून दगड चाटायला लागला.

भिंतीच्या पलीकडं एक्केचाळीस होतं.

उज्वलानं तोंडात पदर कोंबला. कुसाबाईनं त्याचं खांद्याला धरून तोंड फिरवलं. ओठ खरचटले होते, हनुवटीला माती. डोळे तिच्यावर लागलेले, पण तिच्या पोराचे नाहीत.

"कोरडा ठिवला ना कुसे," तो म्हणाला. आवाज अमोलचाच होता. म्हणायची पद्धत नव्हती.

"आत्या, भगताकडं न्यायचं का? का नाशिकला दवाखान्यात?"

"घरी ने त्याला. दार लावून घे. उद्या सकाळी मी बघते."

सोमवारी यशश्री मॅडमनं मेण फोडलं. चिठ्ठी शाबूत, सही शाबूत. बूच काढून तिनं बॅटरी मारली आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

"काठोकाठ आहे," ती म्हणाली. "बाकीची सगळी पाव-पाव लिटर उतरलीत. हे थेंबभरही नाही. असं कसं..." मग तिनं डोकं झटकलं, बॅटरी बंद केली. कुसाबाईकडं न बघता म्हणाली, "मावशी, तुम्ही समजताय ना, याचा अर्थ काय होतो? मेण होतं तर उतरलं नाही. मेण नव्हतं तेव्हा दोन लिटर. आणि किल्ली चौदा वर्षं एकाच माणसाकडं आहे."

फकिरा मधेच बोलला, "नाय मॅडम, आक्काचं तसलं नाय काही. आख्ख्या गावाला विचारा. देवीची शपथ हाय तिची."

"मी आरोप करत नाहीये. मला फक्त कारण पाहिजे. नाहीतर ही जागाच रिकामी करायची आणि सगळ्या बॅरलांना मेण लावायचं, दुसरा इलाज नाही माझ्याकडं."

कुसाबाईनं एक्केचाळीसकडं बघितलं. आठ दिवस कोणी न शिवलेलं बॅरल. आतून काही आवाज नव्हता. तो तिथं नव्हताच. तो ह्या घटकेला कुठं बसलाय, कोणाच्या डोळ्यांतून दाराकडं बघतोय, ते तिला माहीत होतं. सगळ्या बॅरलांना मेण लागलं तर तो तिथून हलायचा नाही. पोरगं गेलंच मग.

"मीच पीत व्हते," ती म्हणाली.

फकिराच्या हातातली नळी खाली पडली.

"काय?"

"पीत व्हते म्हणलं. दर सोमवारी. नवऱ्यानं लावली सवय, सुटली नाय. आता कारण मिळालं ना? मेण काढून टाका. बॅरलाचा काय गुन्हा?"

यशश्री तिच्या तोंडाकडं बघत राहिली. विश्वास बसत होता की नाही कळत नव्हतं, पण कारण मिळालं होतं, आणि तिला कारणच पाहिजे होतं. तिनं हात पुढं केला. कुसाबाईनं कमरेची किल्ली सोडून त्या हातावर ठेवली.

कामावरून काढली नाही, हे मॅडमचे उपकारच. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या खोलीत बसवली. सेलरात पाय ठेवायचा नाही. एक्केचाळीसला परत मेण लागलं नाही, झारी फकिराकडं गेली. जाता जाता कुसाबाई त्याच्याजवळ थांबली.

"फकिरा, एक्केचाळीसला हात आखडू नको."

फकिरानं नजर फिरवली. चौदा वर्षं आक्का आक्का करणारा माणूस, पण त्याला आता तिच्या अंगातनं दारूचा वास यायला लागला होता.

त्या दिवशी दुपारी ती घरी गेली तर अमोल ओसरीत गाढ झोपलेला. तिसऱ्या प्रहरी उठला, पोटभर जेवला, उजव्या हातानं. "आई, ओठ कशानं फुटले गं माझे?" म्हणाला. उज्वला सासूकडं बघत राहिली, सासू भांडी घासत राहिली.

गावाला कळायला दोन दिवस पुरले. पिठाच्या गिरणीत बाया पदराआडून बोलल्या. "हुंगते म्हणायची. घ्या, हुंगता हुंगता आत उतरली." गडावरच्या शपथेचंही निघालं. गुरुवारी अमोल बाजारातून आला तो गाडीचं दार आपटूनच.

"आई, खरं हाय का?"

"काय?"

"तुला माहीत हाय काय. फकिरा सांगू राहिला. तू सोताच्या तोंडानं बोलली म्हणं. अगं, बापानं घर धुऊन नेलं आन् तू त्याच्याच वाटेनं? मी आजवर थेंबाला शिवलो नाय. कोणामुळं? तुझ्याकडं बघून!"

कुसाबाईनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. रागानं लाल झाले होते, पण अमोलचेच होते. दुसरं कोणी त्यातून बघत नव्हतं.

"हां," ती म्हणाली. "पीत व्हते."

अमोल बाहेर जाऊन बसला. त्या दिवसापासून आईशी बोलणं बंद. ताट उज्वला वाढायची.

पुढचा सोमवार. चिठ्ठ्यांच्या खोलीत पत्र्याखाली पंखा गरगरत होता. कुसाबाईपुढं बाटल्यांचे क्रेट. बाटली उचलायची, फडक्यानं पुसायची, चिठ्ठी चिकटवायची, तळव्यानं दाबायची. दोघीतिघी बाया होत्या, पण तिच्या शेजारची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती.

दारात यशश्री मॅडम येऊन उभी राहिली. हातात झारी, आणि ती रिकामी. उन्हातून आली होती तरी दंडावरचे केस उभे होते.

"बायांनो, जरा बाहेर थांबता?"

बाया गेल्या. यशश्री आत आली, पण बसली नाही.

"दोन लिटर उतरलंय," ती म्हणाली. "किल्ली माझ्याकडं होती. फकिराला मीच उघडून दिलं आत्ता."

कुसाबाईनं बाटली पुसली.

"मावशी, मी कान लावला होता मघाशी." तिनं झारी छातीशी धरली. "आत काहीतरी... तुम्ही खोटं का बोललात?"

"भरलं का?"

"काय?"

"वरून भरलं का म्हणते. का तसंच टाकून आले?"

"नाही, अजून नाही. फकिरानंही ऐकलं, तो तर आत यायलाच तयार नाही आता."

"मंग आधी भरा. काठोकाठ. इचारायचं ते नंतर इचारा."

"मी एकटी?"

"चौदा वर्षं मी एकटीच भरू राहिले व्हते, मॅडम. काही करत नाय तो. फक्त हात आखडायचा नाय, आन् ओतताना घे म्हणायचं."

तो कोण, हे यशश्रीनं विचारलं नाही. तिनं झारी दोन्ही हातांत घट्ट धरली. मग वळली. तिची पावलं आधी सावकाश वाजली, मग भरभर, आणि सेलरचं जड दार उघडल्याचा आवाज आला.

कुसाबाईनं पुढची बाटली उचलली. मघाची चिठ्ठी जराशी तिरकी बसली होती. तिनं ती नखानं सोलली, नवी घेतली आणि सरळ चिकटवली.